न केलेल्या कामाची राखण

माझ्या वहिनीला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा तिचा एक हात ताटात आणि दुसरा टेबलावरचे कण गोळा करण्यात गुंतलेला. पाहुणा उठून दाराबाहेर पडेपर्यंत त्याच्या खुर्चीखालून तिचा झाडू फिरलेला असतो, आणि पाहुणा बोलघेवडा निघाला तर तो बसलेला असतानाच फिरतो. लग्न होऊन आली त्याच वर्षी गल्लीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. दादा म्हणायचा, "लोक घरात बायको आणतात, मी वारा आणलाय." दादा गेला त्या आठवड्यात तिनं सगळ्या खिडक्यांच्या काचा काढून धुतल्या. लोक भेटायला येत होते आणि ती ओल्या हातांनी दार उघडत होती. काहींना ते खटकलं. मला मात्र दिसत होतं, की ती थांबली असती तर तिथेच कोसळली असती.

तिच्या नोकरीची सगळी वर्षं मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात गेली. तळघरातली खोली, वाफ, ढोलासारखी मशीन आणि वरून येणाऱ्या चादरींचे गठ्ठे. डाग म्हणजे तिचा जन्माचा वैरी. एकदा माझं बोट चांगलंच कापलं होतं, तर तिनं आधी माझा शर्ट उतरवून गार पाण्यात टाकला आणि मग बोटाकडे वळली. "बोट भरून येतं भाऊजी, रक्ताचा डाग एकदा बसला की बसला," असं वर ऐकवलं. पुढे दवाखान्यानं धुलाई बाहेरच्या कंपनीला दिली आणि वहिनी घरी बसली. बसली ही आपली बोलायची पद्धत.

खरं तर ती घरी न बसता वाफ्यांवर आली. आमच्या गल्लीच्या मागे, सांडपाण्याच्या नाल्याला लागून एक लांबट जमीन आहे. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. गल्लीतल्या घरांनी मिळून ती भाड्यानं घेतली आहे आणि तिथे टोमॅटो, कोबी, वांगी, पालक असं काय काय लावतात. घरी खाऊन उरलेलं कोपऱ्यावरच्या बाजारात जातं, आणि त्यावर बऱ्याच घरांचं भागतं. माझं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, वाफा नाही. पण मला टाइप करता येतं, म्हणून गटाचा सेक्रेटरी मी. पगार नाही, मान नाही, आणि काही बिनसलं की सगळ्यांना माझं दुकान बरोबर सापडतं.

मी सांगतोय त्या वर्षी बिनसलं होतं ते माव्यानं. कोबीच्या पानाची मागची बाजू बघावी तर चिकट, काळपट, किड्यांनी गच्च भरलेली. सगळे फवारायचे. एकदा फवारून भागेना म्हणून दोनदा, मग औषध बदलून परत. तो वास घरापर्यंत यायचा आणि गल्ली खोकत झोपायची. शिवाय नाल्याचं पाणी तसंच वाफ्यांत जायचं. आपण पिकवलेलं आपणच खावं की नाही अशी पाळी आली होती. अशात जमिनीच्या मालकाला एका ट्रकवाल्यानं जास्त भाडं देऊ केलं, ट्रक उभे करायला. मालक माणूस वाईट नाही, पण जास्त पैसे दिसले की माणसाला आपला चांगुलपणा परवडेनासा होतो. तो म्हणाला, वर्षभर थांबतो, मग पुढच्या काही वर्षांचं भाडं एकदम द्या, नाहीतर जागा सोडा.

मी चार ठिकाणी मदतीचे अर्ज टाकले, आणि अशा कामांना पैसे देणाऱ्या एका फंडाच्या बाई खरोखरच आल्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, पायात चिखलानं माखलेले बूट. आमच्या गटातल्या टेलरकाकांच्या दुकानात बैठक भरली. वहिनीची नजर पहिल्यांदा त्या बुटांवर गेली आणि बैठक संपेपर्यंत तिथून हलली नाही.

बाई म्हणाल्या, "नाल्याच्या कडेचा एक पट्टा मोकळा सोडा. प्रत्येक घरानं शेवटचा वाफा द्यायचा. तिथे उगवेल ते उगवू द्या. कापायचं नाही, झाडायचं नाही, फवारायचं नाही. मावा खाणारे किडे तिथे राहतात. नाल्याचं पाणी आधी एका खड्ड्यात घ्या, त्यात पाणकणीस, ते उंच पाणगवत, वाढू दे, आणि तिथून निवळलेलं पाणी वाफ्यांना द्या."

"आणि पैसे?" टेलरकाकांनी विचारलं.

"पैसे तुमच्या गटाच्या खात्यात. खर्च कशावर करायचा ते तुम्ही ठरवा. पट्ट्यात गेलेल्या वाफ्यांची भरपाई पहिल्या हप्त्यातून करा. वर्षानं आम्ही बघायला येऊ. पट्टा जिवंत असेल तर दुसरा हप्ता, तो मोठा. त्यातून जमिनीचं भाडं सुटेल."

मग त्यांनी कागदावरचं वाचून दाखवलं. समुदायाच्या पुढाकारानं निसर्गाधारित उपाय, शाश्वत अन्नव्यवस्था, असं बरंच. वहिनी म्हणाली, "गवत वाढू द्या म्हणायला एवढे शब्द लागतात?"

बाई हसल्या. "पैसे मागायला लागतात."

"म्हणजे काही करायचं नाही, त्याचे पैसे?"

"हो."

"आणि केलं तर?"

"तर पैसे नाहीत."

वहिनीचा चेहरा असा झाला, की कोणी तिला वर्षभर श्वास रोखून धरायला सांगितलं असावं. गल्लीनं ते पाहिलं. टेलरकाकांना चेष्टेची संधी सोडवत नाही. ते म्हणाले, "राखणदार म्हणून भिंगरीताईंनाच नेमा. विळा पहिला त्यांच्याच हातात जाणार, त्यापेक्षा त्यांनाच पहाऱ्याला बसवलेलं बरं." सगळे हसले. वहिनी हसली नाही. उभी राहून म्हणाली, "नेमा मला. माझ्या हातून एक पान तुटलं तर बोला."

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. मला फंडाला हिशोब पाठवायचा असे, आणि तो जमता जमत नसे. टाकी बांधली तर टाकीचा फोटो निघतो, पंप घेतला तर दुकानदार पावती देतो. न केलेल्या कामाची पावती कुठून आणायची? मी महिन्याच्या महिन्याला गवताचे फोटो काढून पाठवायचो. शेजारच्या गल्लीतले विचारायचे, "तुमच्याकडे अजून माणसं राहतात ना?"

आणि वहिनी. ती रोज सकाळी पट्ट्याच्या कडेनं येरझाऱ्या घालायची, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, कारण पुढे सोडले तर ते आपापले काहीतरी उपटतील याची तिला धास्ती. पट्ट्याच्या बाहेरची वाट मात्र आरशासारखी. कुंपणाच्या खांबांना तिनं फडकं मारलेलं मी स्वतः पाहिलंय. आत गवत गुडघ्याला लागलं, मग मांडीला. त्यात कसली कसली पिवळी-पांढरी फुलं, कोळ्यांची जाळी, कुजकी पानं. खड्ड्यात पाणकणीस तरारून आलं आणि बेडूक ओरडायला लागले. वहिनी दुकानात येऊन माझ्यासमोर धुमसायची. "भाऊजी, ते वाळलंय आता सगळं. निदान वाळलेलं तरी काढू दे म्हणावं."

मी फोन लावायचा. बाई म्हणायच्या, वाळलेलं तर मुळीच नको, किडे त्याच काड्यांत राहतात.

"किड्यांची सोय बघा," वहिनी म्हणायची. "माझ्या डोळ्यांची कोणी बघत नाही."

पण शब्दाची पक्की. गल्लीतल्या एकीनं चुलीची राख पट्ट्यात टाकली, तर वहिनीनं ती सुपात भरून परत तिच्या दारात नेऊन ठेवली. कोणी शेळ्यांसाठी गवत मागायला आला, त्याला असं फैलावर घेतलं की तो शेळ्या विकायच्या गोष्टी करू लागला. ज्या गवताचा तिला तिटकारा, त्याच गवतासाठी ती रोज कोणाशी तरी भांडत होती. तोंडानं पट्टा राखायची आणि चेहरा मात्र मेलेला उंदीर पाहिल्यासारखा. तो चेहरा सगळी गल्ली वर्षभर बघत होती.

मावा कमी झाला. एकदम गेला नाही, पण कमी झाला. टेलरकाकांचा फवारणीचा पंप खिळ्यावर टांगला गेला तो खाली उतरला नाही. वहिनीला विचारलं तर म्हणायची, "योगायोग." तिला ते रान शेवटपर्यंत आवडलं नाही, हे मी ठामपणे सांगतो. उगाच कोणी म्हणू नये की तिला हळूहळू त्याची गोडी लागली.

फंडाच्या भेटीची तारीख ठरली, पुढे गेली, पुन्हा ठरली. मालकाचा फोन यायचा, ट्रकवाला येऊन जमिनीवर पावलं मोजून जायचा. माझा जीव टांगणीला. नेमकं त्याच वेळी माझ्या पुतणीनं दुसऱ्या गावी घर बदललं. आई येणार नाही असं होणारच नव्हतं. नवं घर आणि जुनी धूळ, वहिनीला दुसरं काय हवं? खोकी उचलायला मीही गेलो. भेटीच्या दिवशी सकाळच्या बसनं परत येऊन थेट वाफ्यांवर जायचं असं ठरलं होतं.

बसमधून उतरून आम्ही गल्लीच्या मागे वळलो, आणि मला आधी वास आला. ब्लिचिंग पावडरचा.

पट्टा नव्हता. म्हणजे जमीन होती, तळहातासारखी साफ. गवत मुळापासून कापलेलं, पाला झाडून जाळलेला. कडेनं दगड लावून त्यांना चुना फासलेला. खड्ड्यातलं पाणकणीस उपटून पाण्यात पावडर टाकलेली, आणि दोन बेडूक पोट वर करून तरंगत होते. जिथे फुलं होती तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग मांडलेली. सगळी गल्ली कामानं घामाघूम होऊन उभी होती, आणि सगळ्यांचे चेहरे आनंदानं फुललेले.

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या होत्या. क्षणभरच, पण सुटल्या. वर्षभरात तो चेहरा मी इतका मोकळा पाहिला नव्हता. आणि मग तिनं माझा दंड धरला, तो मला दुखेपर्यंत.

टेलरकाका पुढे आले, बोटांना चुना. "बघा भिंगरीताई. वर्षभर तुमचा जीव घुसमटला, आम्ही काय आंधळे होतो? म्हटलं, पाहुण्यांपुढे तुम्हाला मान खाली घालायला लागू नये. तुम्ही नसताना उरकून टाकलं."

"काका, पाहुणे तेच बघायला येतायत," मी म्हणालो.

"अहो, पण फोटो पाठवलेत की तुम्ही. बघितलंय त्यांनी. आता घरी कोणी येणार म्हटल्यावर आवरायचं नाही का?"

मी त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहत होतो. पण रागवायचं तरी कोणावर? त्यांना पट्ट्याचा उपयोग कळला नव्हता असं नाही. पंप त्यांनीच खिळ्याला टांगला होता. पाहुणे येणार म्हटलं की हात आपोआप झाडूकडे जातात, तसे गेले. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. मग एकेकाचा उतरत गेला. कोणी म्हणालं, गुरं शिरली म्हणून सांगू. कोणी म्हणालं, आग लागली म्हणू. कोणी म्हणालं, नगरपालिकेनं कापलं म्हणू. चुना लावलेल्या दगडांपुढे उभं राहून ही चर्चा चालली होती.

वहिनीनं मला बाजूला ओढलं. "भाऊजी, मला आवडलं."

"काय?"

"बघितल्या बघितल्या मला आवडलं हे. पैशांची आठवण नंतर झाली. आधी बरं वाटलं."

"मग? त्यात काय?"

"त्यांनी माझ्यासाठी केलंय ना? मी वर्षभर नुसते हात आवरले, तोंड कुठे आवरलं? माझं तोंड बघून बघून त्यांना वाटलं, हिला सोडवू या. मग कापलं कोणी, सांगा तुम्हीच."

मी काही सांगायच्या आत गाडी आली. फंडाच्या बाई उतरल्या आणि त्यांच्याबरोबर मोठ्या कचेरीतले एक साहेब. बाईंनी साफ जमिनीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. खुर्च्यांवर कोणी बसलं नाही.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला, सगळा भार टाकून.

"मी," ती म्हणाली. "हात शिवशिवले. राहवलं नाही."

"गटाचा निर्णय होता?"

"गटाला पत्ताच नव्हता. सगळे आत्ता येऊन बघतायत."

"एवढा पट्टा तुम्ही एकट्यानं कापलात?"

"दवाखान्याच्या चादरी एकटीनं उचलल्यात साहेब मी. हे काय, गवत."

टेलरकाकांनी चुन्याचे हात खिशात घातले. बाईंची नजर त्या खिशांवर थांबली, मग वहिनीच्या चपलांवर गेली, त्यांच्यावर बसप्रवासाची धूळ होती. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

साहेब माणूस सरळ होता. म्हणाला, "गटालाच हे काम पटलं नसेल, तर पुढे पैसे घालण्यात अर्थ नाही. पण एका माणसाची चूक असेल तर माणूस बदला. जमिनीत मुळं आहेत, पुन्हा वाढेल." मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "सेक्रेटरी, काय ते सांगा."

आता मी काय सांगायला हवं होतं? समोर सगळी गल्ली, पलीकडे रस्त्यावर ट्रकवाल्याची गाडी उभी, आणि वहिनीचा पाय अजून माझ्या पायावर. मी म्हणालो, "माणूस बदलतो."

फंडाचं उत्तर यायला बराच काळ गेला. मी दुकानात पंखे उघडून ठेवायचो आणि जोडायचं विसरायचो. अखेर दुसरा हप्ता आला. मालकाला पुढच्या काही वर्षांचं भाडं मिळालं, ट्रकवाल्यानं दुसरीकडे जागा बघितली. राखणदार म्हणून टेलरकाकांना नेमलं. ते इतके कडक झालेत, की फुलपाखरू आलं तरी कुठून आलं म्हणून विचारतील.

जमीन वाचली म्हणून गल्लीनं सुटकेचा श्वास टाकला, आणि वहिनी वाफ्यावर आली की तोच श्वास अडकायला लागला. ती आली की बोलणं बंद. कोणी तिच्या हातातली झारी काढून घेई, कोणी तिच्या वाफ्यातलं तण आधीच उपटून ठेवी, कोणी बसायला पोतं अंथरी. तिच्या कामाला दुसऱ्यानं हात लावलेला जिला खपत नाही, तिची सगळी गल्ली सेवा करत होती. कोणी तिच्या डोळ्याला डोळा देईना.

बैठकीत टेलरकाका एकदा उठले. "मी फंडाला फोन करतो. खरं काय ते सांगून टाकतो. मला घास गोड लागत नाही."

वहिनी म्हणाली, "सांगा. जमीन जाईल, आणि माझं खोटं बोलणंही फुकट जाईल. खाली बसा."

ते बसले. त्यानंतर ती वाफ्यांवर यायची थांबली. मला म्हणाली, "मी गेले की त्यांची कामं अडतात." मला संताप आला, तिचा, त्यांचा, त्या सरळ साहेबाचा. अख्खं वर्ष जिनं मन मारून ते रान राखलं, तिलाच तेवढं तिथे जाता येऊ नये? बोलून दाखवलं तर म्हणाली, "ओरडू नका, गिऱ्हाईक पळेल."

तेव्हापासून ती माझ्या दुकानात असते. सगळे स्क्रू तिनं आकाराप्रमाणे बरण्यांत लावलेत, त्यामुळे मला एकही सापडत नाही. गिऱ्हाइकाचा पंखा दुरुस्त होण्याआधी धुऊन निघतो. मधेच उठून दारात जाते, गल्लीच्या मागच्या बाजूला मान वळवते, परत येते. दिवसातून कितीदा तरी.

परवा मी वाफ्यांवरून आलो. ती एका पंख्याचं पातं पुसत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "किती वाढलंय?"

"कमरेच्या वर गेलंय."

"वाळलेलं?"

"तसंच ठेवलंय."

"घाण दिसत असेल."

"दिसतं," मी म्हणालो. "बेडूक पण आलेत परत."

तिनं पातं उलटलं आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

"दिसू दे," ती म्हणाली. "टेलरना निरोप द्या. उद्या मी येणार आहे. कोणी काही आवरून ठेवायचं नाही म्हणावं."